म्हशीने कान हलवला तेव्हा

पोस्टरवर भूत होतं, म्हणून मी आत शिरले.

बाहेर वॉलॉंगॉंगचा पाऊस — समुद्राकडून आडवा येणारा, छत्रीचा अपमान करणारा. रविवारची दुपार. घरी बसायचं म्हटलं की माझ्या पायांना मुंग्या येतात, म्हणून मी उगाचच गावभर चालत होते. कम्युनिटी हॉलच्या दारावर कागद चिकटवलेला: थाई सिनेमा, सगळ्यांना प्रवेश. खाली लाल डोळ्यांचं भूत. म्हटलं, चला, थोडं किंचाळून घेऊ.

कसलं किंचाळणं! भूत आलं आणि जेवायच्या टेबलाशी बसलं. घरातलं कोणी दचकलं नाही. एका बाईने विचारलं, "जेवलास का?" भुताने विचार केला. बराच विचार केला. तेवढ्यात माझं पॉपकॉर्न संपलं. मग कॅमेरा घराबाहेर गेला आणि एका म्हशीवर जाऊन थांबला. ही म्हैस म्हणजे त्या घरातली वारलेली मावशी, पुन्हा जन्म घेऊन आलेली. मावशी हलेना. शेपटीसुद्धा नाही.

"अगं, हल की," मी पुटपुटले.

"हलते," शेजारच्या अंधारातून मराठीत उत्तर आलं. "शेवटी."

मी ताडकन वळले. भुताला जे जमलं नाही ते या माणसाने केलं होतं.

"तुम्ही पाहिलाय हा?"

"गेल्या महिन्यात. बसा. उठलात तर नेमकं चुकेल."

मी बसले. ही घटना वाटते तेवढी साधी नाही. मी, सुरुची — पुण्याहून या देशात आले, मॉसन लेक्सला शिकले, वेंटवर्थव्हिलला पहिली नोकरी केली, तिथून इथे आले आणि कुठल्याच घरी सगळे खोके उघडले नाहीत. मीटिंगमध्ये उभी राहते. सरकत्या जिन्यावर चालते. मालिका दीडपट वेगाने बघते, आणि लोकांचे व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकते. हा सिनेमा मात्र कुठल्याच बटणाने पळत नव्हता. मी अधूनमधून उठून बाहेर जात होते आणि दर वेळी शेजारचे लांबच लांब गुडघे निमूट बाजूला होत होते... न बोलता, न सुस्कारता.

दिवे लागले तेव्हा मी तक्रार घेऊन तयार होते.

"हलली नाही ती!"

"कान हलवला. तुम्ही तेव्हा बाहेर गेला होतात."

"पाणी प्यायला गेले होते, एवढंसं!"

"मावशी तेवढ्याचीच वाट बघत असणार."

चेहरा इतका गंभीर की त्याला कुठलाही सरकारी अर्ज विश्वासाने देता आला असता. ओले केस कपाळावर, स्वेटरवर हॉस्पिटलचं ओळखपत्र उलटं लटकलेलं. हृषीकेश. ठाण्याचा. खुब्याचा सांधा बदललेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा चालायला शिकवणारा फिजिओ.

"म्हणजे दिवसभर काय करता?"

"'सावकाश' म्हणतो. इंग्रजीत."

"बास?"

"कधीकधी 'व्हेरी गुड'ही म्हणतो. आणि अहोजाहो नको, मला आपण पेशंट असल्यासारखं वाटतं."

क्लब चालवणाऱ्या नोईताईंनी आमच्या हातात गरमागरम करी पफ ठेवले. नोईताई — म्हणजे त्या थाई, ताई आमच्या — स्टेशनजवळ रेस्टॉरंट चालवायच्या आणि रविवारी लोकांना भुतं दाखवायच्या. त्यांनी माझ्याकडे बघून हृषीकेशला इंग्रजीत विचारलं, "ही पुढच्या रविवारी येईल?"

"म्हशीचा दुसरा भाग आहे का?" मी विचारलं.

"म्हशीला भाग नसतात," हृषी म्हणाला. "जन्म असतात."

मी पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. मला सिनेमा कळत होता अशातला भाग नाही. एकात एक म्हातारा मरायला टेकलेला असतो आणि सगळा वेळ फणसाच्या बिया सोलतो. एकात दोन भुतं बसस्टॉपवर बसतात, आणि बस येत नाही, कारण चालकही वारलेला असतो. हृषी पहिल्या अर्ध्या तासात झोपायचा. डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्याच्या दिशेने यायचं... आणि खांद्याच्या अलीकडेच थांबायचं. झोपेतसुद्धा या माणसाला घाई नव्हती. तो अलीकडे थांबला की मला सिनेमाचं काहीच दिसायचं नाही. मी आपली तो पोचतो का ते बघत बसायचे.

"पुढच्या जन्मी कोण होणारेस?" एकदा समुद्राकाठी चालताना त्याने विचारलं. चालत मी होते. तो मागून येत होता.

"एस्केलेटर."

"तू तर एस्केलेटरवरसुद्धा चालतेस."

"म्हणूनच. लोकांनी माझ्यावर चालावं, कसं वाटतं ते कळेल मला. तू?"

"स्पीडब्रेकर."

"म्हणजे माझ्या वाटेत आडवा पडणार?"

"पडतोच आहे की," तो म्हणाला, आणि लगेच दीपस्तंभाकडे बघून "छान रंगवलाय, नाही?" असं म्हणाला. तो दीपस्तंभ जन्मापासून पांढराच आहे.

पायांच्या मुंग्या मात्र जात नव्हत्या. एका रविवारी सिनेमात पुन्हा ते जेवणाचं टेबल आलं, मेलेला बाप खुर्ची ओढून बसला, आणि मी उठले ती थेट बाहेर. हॉलच्या पायऱ्यांवर. हृषी आला आणि एक पायरी खाली बसला. काही विचारलं नाही. त्यामुळे सांगावं लागलं.

बाबा गेल्या हिवाळ्यात गेले. माझा व्हिसा बदलत होता, देश सोडता येत नव्हता, म्हणून पुण्यातला दहावा मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. घाटावर पिंड ठेवला. कावळे भरपूर. पण शिवेना कोणी. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरचे एकेक वचन देतात, की तुमचं अमुक आम्ही करू. आत्याने बाबांची स्कूटर सांभाळायचं वचन दिलं. कावळा ढिम्म. काकांनी हात जोडून जाहीर केलं, "सुरुचीचं लग्न थाटात लावून देऊ!" कावळे दोन फांद्या मागे सरकले.

हृषीचा ओठ थरथरला.

"हस. मीही हसले होते. मग आई म्हणाली, सुरुची, तू बोल. मी बोलले. खूप बोलले, रडत रडत. बाबांचं एकच म्हणणं असायचं, 'बस ना जरा.' तेच वचन दिलं मी, की बसेन. सगळे पडद्याकडे बघत होते... आणि मग कॉल तुटला."

"आणि कावळा?"

"नाही शिवला. गुरुजींना पुढचं काम होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करून टेकवला. डुप्लिकेट. हृषी, मी म्यूटवर होते."

पाऊस पायऱ्यांच्या कडेवर टपटपत होता.

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ. आत्याला वाटलं, पोरगी नुसतीच तोंड हलवतेय. बाबांना ऐकूच गेलं नाही. ते असतील अजून कुठेतरी, वाट बघत. म्हणून मला कुठे बसवत नाही. बसले की वाटतं, समोरची खुर्ची ओढली जाईल."

"ओढली तर?"

"तर काय बोलू?"

"जेवलात का विचार," हृषी म्हणाला. "मी इतके सिनेमे पाहून एवढंच शिकलोय. बाकी वेळ झोपलेला होतो."

मी हसले, नाक ओढलं आणि एक पायरी खाली सरकून त्याच्या शेजारी बसले. खांद्याला खांदा लागला. त्याने 'व्हेरी गुड' म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं.

त्याच आठवड्यात ऑफिसने पर्थचं विचारलं. मोठं पद, देशाचं दुसरं टोक. सोमवारपर्यंत कळवायचं. माझ्या अंगवळणी पडलेलं एकच उत्तर होतं, आणि खोके तर बांधलेलेच होते. हृषीला सांगितलं तेव्हा तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. तो तसाही सगळं सावकाश करतो, त्यामुळे फरक कळायला कठीण.

"पर्थला चांगले कावळे आहेत म्हणतात," तो शेवटी म्हणाला.

"एवढंच?"

"...बीचही आहेत."

मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. बीचवरूनच.

सोमवारच्या आदल्या दिवशी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. पुण्यात आई आणि गुरुजी होते, इथे मी आणि दहीभात. नॉर्थ बीचच्या खडकांवर ताटली ठेवली. हृषी आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि न सांगता त्याने सीगल हाकलायचं काम घेतलं होतं. सीगल लोकांना श्राद्धाचं काही पडलेलं नसतं. तो हात पसरून खडकांवर इकडून तिकडे पळत होता. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला पळताना बघत होते... आणि मी उभी होते, एका जागी.

मग कावळा आला. इथला कावळा 'काव काव' करत नाही. त्याचे डोळे पांढरे असतात आणि तो कंटाळलेल्या बाळासारखा "आऽऽऽ" करून शेवटचा सूर लांबवत लांबवत खाली नेतो. थेट त्या थाई सिनेमातून आल्यासारखा. तो कचऱ्याच्या डब्यावर बसला. ताटलीकडे बघितलं. थांबला.

"शिवत नाही," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "बघ ना. पुन्हा शिवत नाही."

हृषी धापा टाकत आला. "बाबांचा एखादा मेसेज आहे फोनमध्ये?"

"खूप आहेत."

"लाव. त्यांच्या वेगात."

माझा अंगठा अडला. बाबांचा मेसेजमधला आवाज मला दुप्पट वेगातच माहीत होता — घाईचा, किरटा, चिमणीसारखा. मी बटण बदललं. खडकावर बसले. हृषी शेजारी बसला.

आणि एक जाड, संथ आवाज बोलू लागला. "सुरू... (कुकरची शिट्टी) ...हं. काही विशेष नाही. (पंख्याचा आवाज, लांबवर भाजीवाला) ...थांब, तुझी आई काय म्हणतेय... नाही, काही नाही म्हणतेय. ...असो. जेवलीस का?"

माणूस असा बोलत होता आणि मी त्याला चिमणी करून ठेवलं होतं.

हृषीने फोन माझ्या हातातून घेतला, बाजूला ठेवला. मग अतिशय गंभीरपणे हात पुढे करून समोरच्या हवेत एक बोट दाबलं. "अनम्यूट केलंय. बोल."

मी समुद्राकडे तोंड केलं.

"बाबा... नाही जेवले अजून. तुमचं होऊ दे, मग जेवते. बाबा, ऐकू येतंय ना? मी बसलेय. म्हणजे आत्ता खरंच बसलेय, आईची शपथ. आणि पर्थला जात नाहीये. आणि हा हृषीकेश. ठाण्याचा आहे, पण चांगला आहे. फार सावकाश आहे. तुम्हाला आवडला असता. मला... मला आवडतो. काकांना इतक्यात सांगू नका."

मी वळले. तो माझ्याकडे बघत होता, कान लाल, केसांत सीगलचं एक पीस.

"बोल काहीतरी," मी म्हटलं. "पर्थचे बीच सोडून."

"तो सिनेमा मी आधी पाहिलेला नव्हता," तो म्हणाला.

"कुठला?"

"म्हशीचा. गेल्या महिन्यात वगैरे काही नाही, मीही पहिल्यांदाच बघत होतो. म्हशीने कान हलवलाच नाही, सुरुची. शेवटपर्यंत. मी पूर्ण वेळ जागा होतो."

"मग... हलते म्हणून का सांगितलंस?"

"तू उठून गेली असतीस."

वारा पडला होता. त्याचा हात खडकावरून सरकत सरकत आला आणि माझ्या बोटांच्या अलीकडे थांबला. याच्या भरवशावर राहिले तर पुढचा जन्म उजाडेल, म्हणून उरलेलं अंतर मी कापलं. घाईची सवय कुठेतरी कामाला यावीच. त्याची बोटं गार होती आणि त्यांना दहीभाताचा वास येत होता. मग किती वेळ गेला, विचारू नका. कोणीच हललं नाही. नोईताईंनी आम्हाला सिनेमात घेतलं असतं.

भानावर येऊन मी ताटलीकडे पाहिलं. रिकामी. लख्ख.

डब्यावर कावळा नव्हता. सीगल लांब, पाण्याच्या कडेला, साळसूद.

"कोणी खाल्लं?" मी कुजबुजले.

"पाहिलंच नाही."

"तुझं एकच काम होतं!"

"मी दुसरीकडे बघत होतो," तो म्हणाला. सरकारी अर्ज विश्वासाने द्यावा अशाच चेहऱ्याने.

फोन वाजला. आई.

"झालं गं इथलं. तुझ्याकडे शिवला का कावळा?"

मी ताटलीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "जेवून गेले, आई," मी म्हटलं.

पलीकडे आईने नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं झालं. ...तू कुठे आहेस? आज चालल्याचा, धापांचा आवाज नाही तुझा."

"बसलेय."

"कोण, तू?" आई घाबरलीच. "काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, तू बोल. सावकाश बोल, मला कुठे जायचं नाहीये."

आई बोलत राहिली. हृषीचं डोकं हळूहळू कलत माझ्या खांद्याच्या दिशेने आलं... आणि या वेळी अलीकडे थांबलं नाही.