उन्नतीआत्याचं शीड

दिवाळीच्या सुट्टीतल्या त्या सकाळची क्षितिजा वर्षभर वाट पाहत होती. तिची उन्नतीआत्या शिडाच्या छोट्या होडीतून एकटी कन्याकुमारीला निघणार होती. भिवंडीच्या खाडीतून ओहोटीबरोबर सुटायचं आणि अंधार पडण्याआधी वसईपाशी समुद्र गाठायचा, असा बेत होता.

पण निरोपाचा समारंभ गोदामांचे मालक केसरीनाथशेठ यांनी आपल्या हाती घेतला होता. पाणी उतरू लागलं, धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या, तरी भाषणं संपत नव्हती. शाल पांघरून बसवलेली आत्या वक्त्यांकडे कमी आणि खाडीकडे जास्त पाहत होती.

होडी सांभाळायचं काम क्षितिजा, तिचा चुलतभाऊ भाविक आणि शेजारचा साद यांच्याकडे होतं. डोलकाठीपाशी गुंडाळलेल्या शिडाला कुणीतरी लाल रिबीन बांधली होती. ती सोडून शेठ शिडाचं अनावरण करणार होते.

"हे आत्याचं शीड न्हाय," भाविक म्हणाला. "आपण लावलेलं निळं ठिगळ कुठंय?"

क्षितिजाने गुंडाळीची कड उलगडली. आतून शेठचा छापलेला, हसरा गाल दिसला. सादच्या आजोबांचे कापड विणायचे लूम होते. कापड हाताळतच तो वाढला होता. त्याने ते टोक खाडीच्या पाण्यात बुडवून चोळलं. बोटं चिकट झाली आणि कडक कापड रुमालासारखं लोळागोळा झालं.

"कांजी आहे ही, पिठाची खळ," तो म्हणाला. "लूमवर धागा तुटू नये म्हणून ताण्याच्या उभ्या धाग्यांना देतात. कोरं कापड तिच्यामुळेच ताठ राहतं. धुतल्याशिवाय यावर छापलंय."

"आणि समुद्रात?"

"एक लाट आली की कांजी धुऊन जाणार, खाली नुसतं विरळ कापड उरणार. मग वारा आला की फाटणार."

क्षितिजा धावत मंचाकडे गेली. पण शेठचा नोकर दौलत याने पायरीवरच तिला अडवलं. मुलांनी वर यायचं नाही, असा हुकूम होता. तिने तिथूनच शेठना सगळं सांगितलं; लाउडस्पीकरच्या आवाजात पलीकडे बसलेल्या आत्याला ते ऐकू गेलं नाही. त्यांनी मान अर्धवट वळवली.

"कापडाच्या गावात मला कापड शिकवतेस, पोरी? चांगलं जाड आहे ते. आणि जुनं ठिगळाचं शीड घेऊन गेली तर आपल्या गावाची शोभा काय?"

जुनं शीड कुठे आहे, हेही ते सांगेनात. आत्या एकटी समुद्रात असताना तिचा जीव ज्या कापडावर टांगलेला राहणार, त्याची निवड या माणसाने शोभेसाठी केली होती! क्षितिजाला रडू येत होतं. पण त्याहून जास्त संताप येत होता.

"ताई, वर बघ," भाविक कुजबुजला. "तिरका मांडव कुणी बांधतं का?"

पाहुण्यांच्या डोक्यावर सावलीसाठी ताणलेलं कापड तीन कोनांचं होतं. कडेला पितळी कड्या होत्या आणि एका कोपऱ्यात निळं ठिगळ.

आता ओरडून उपयोग नव्हता. मुलांचं कुणी ऐकत नव्हतं. शेठचं मात्र सगळे ऐकत होते. तिघांनी घाईने मसलत केली. मग एक भाषण संपताच क्षितिजा पुढच्या रांगेत बसलेल्या आपल्या आजीजवळ, राहीबाईंजवळ, गेली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजी, नवं शीड आधी खाडीच्या पाण्याने न्हाऊ घालायचं असतं ना? मोठ्या माणसाच्या हातून?"

असा रिवाज राहीबाईंनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनी नातीच्या डोळ्यांत क्षणभर पाहिलं.

"हाय, रिवाज हाय," त्या ठामपणे म्हणाल्या. "शेठ, तुमच्याच हातानं होऊ द्या."

मोबाईल वर झाले. शेठ प्रसन्न मुद्रेने धक्क्यावर आले. साद आणि भाविकने शीड वर चढवलं, वाऱ्यावर शेठचा भलामोठा चेहरा फुलला, टाळ्या झाल्या. शेठनी स्वतःच्या हाताने बादली रिकामी केली.

कापडावरून दुधट पाणी ओघळलं. फुललेला चेहरा आधी लोंबला, मग ओल्या पंच्यासारखा डोलकाठीला चिकटला. सादने खालची कड दोन्ही हातांनी ओढली. ती टरकन फाटली.

आत्याने शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि खाली आली.

"हे लावून मला पाठवणार होता तुम्ही?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. तरी शेठ मागे सरकले. "माझं शीड कुठे आहे?"

क्षितिजाने नुसतं वर बोट दाखवलं.

मग कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. आत्याने शिकवलेल्या गाठी मुलांनी भराभर सोडल्या. सावली निघून जाताच मंचावरचे पाहुणे डोळ्यांवर हात धरून उठले आणि राहिलेली भाषणं आपोआप संपली. जुनं शीड डोलकाठीला चढवताना राहीबाईंनी स्वतः त्याच्या कड्या तपासल्या.

"शिकलेली पोरं हायत माझी," त्या शेठना म्हणाल्या. "त्यांचं ऐकायचं, तर अडवलंत."

होडीत उतरण्याआधी आत्याने तिघांना जवळ घेतलं. "मी परत येईन," ती म्हणाली. "ते तुमच्यामुळे." एवढंच म्हणून तिने दोर सोडला.

ओहोटीला अजून ओढ होती. मळकं शीड एकदा फडफडलं, मग घट्ट भरलं. वळणापर्यंत निळं ठिगळ दिसत राहिलं. क्षितिजाने वेडेवाकडे घातलेले त्याचे टाके वारा पेलत होते.