मोजणीत न भरणारा कोपरा

मिनी दुपारी झोपली की मयुराला थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यात कपड्यांच्या घड्या, कूलरमध्ये पाणी, आणि हल्ली एक नवाच अभ्यास : सातबारा वाचणं. नंदनवन वस्तीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती भिंतीला टेकून बसायची, एका हातानं मिनीला थोपटत, दुसऱ्या हातात मोबाइल.

कारण नवऱ्यानं, सुशीलनं, प्लॉट पसंत केला होता. मिहानच्या पलीकडे, नव्या लेआउटमध्ये, अगदी टोकाचा. मागे नाला, पुढे अर्धवट रस्ता. त्याच भावात चांगले प्लॉट शिल्लक होते, पण हा माणूस ऐकेना.

"तोच काहून पण?"

"मले आवडला." एवढं बोलून तो ताटात पाहत राहिला.

घरात होतं-नव्हतं ते सगळं त्यात जाणार होतं. म्हणून मयुरानं मोनालीला गाठलं. मोनाली तिची कॉलेजातली मैत्रीण, आता वकील, जमिनींच्या कागदांचीच कामं करायची.

"विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही वं," मोनाली म्हणाली. "सातबारा पाहायचा, मग त्याच्या मागचा फेरफार, मग त्याच्याही मागचा. जमीन कोणाकोणाच्या हातून आली ते विचारत जायचं. आणि नोंदणीच्या साइटवर सूची दोन काढायची. आधी कोणी सौदा केला असंन तर तिथं दिसते."

"तू तर स्थळाची चौकशी सांगून राहिली."

"अवं, नवरा खराब निघाला तर माहेरी येता येते. प्लॉट खराब निघाला तर कुठं जाशीन?"

कागद स्वच्छ निघाले. अकृषक आदेश होता, नकाशा मंजूर होता, कर्जाचा बोजा नव्हता. फक्त सूची दोनमध्ये हा प्लॉट दोनदा विकला गेलेला दिसला, आणि दोन्ही वेळा सौदा रद्द. मोनालीनं रद्दलेखांच्या नकला काढून आणल्या. दोन्हींत कारण एकच : मोजणीत क्षेत्र कमी भरले.

"खुंट सरकला असंन," मयुरा म्हणाली.

"मग शेजाऱ्याचा प्लॉट वाढाले पाहिजे ना. तो तसाच्या तसा आहे." मोनालीनं नकलेच्या मागे पेन्सिलीनं चौकोन काढला. "पहिल्यांदा कमी भरली ती एवढी, सुपाएवढी. पुढच्या गिऱ्हाइकानं दोन वर्षांनी मोजली तर हे पाहा, पाळण्याएवढी. तोच कोपरा." ती पेन्सिल फिरवत राहिली. नेहमीसारखी हसली नाही. "मी असं कुठं पाहिलं नाही, मयुरा. नको घेऊ."

त्या दुपारी मयुरा जुन्या फेरफारांत शिरली. स्कॅन केलेली पिवळट पानं, तिरकी अक्षरं. लेआउटवाल्याच्या आधी कंपनी, कंपनीच्या आधी मूळ खातेदार. नाव : धोंडबा.

तिनं मोबाइल पालथा ठेवला.

हे नाव तिनं एकदाच ऐकलं होतं. दवाखान्यात, पोटावरचे टाके ओले असताना, पडद्यापलीकडून. सासरे, नानाजी, हळू आवाजात म्हणत होते, "धोंडबाच्या वावरात नेऊ. धुऱ्यावर पळस आहे, सावली राहीन." एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. आईनं तिकडे जायचं नसतं, कुठं ठेवलं ते विचारायचंही नसतं. बारशाच्या आधीच गेला, त्यामुळे हाक मारायला नावही नव्हतं. असता तर यंदा पहिलीत गेला असता. तिनं एकदाच विचारलं होतं. सुशील उठून बाहेर गेला, आणि पावसात किती तरी वेळ स्कूटर पुसत राहिला.

सुशील संध्याकाळी आला. तिनं चहा दिला.

"सरकारी मोजणी करून घेऊ," ती म्हणाली. "मी येते."

"तू नको येऊ."

"मी येते."

मोजणीच्या दिवशी ऊन कडक होतं. सगळ्या लेआउटमध्ये वाळलेलं गवत, आणि त्या एका कोपऱ्यात पळसाचं कापलेलं खोड. खोडाला पालवी फुटली होती. मोजणीदार मशीनची काठी घेऊन खुंटाखुंटाला उभा राहत गेला. त्या कोपऱ्यात थांबला. मागे आला. बॅटरी बदलली. पुन्हा गेला.

"इथं पॉइंट बसूनच नाही राहिला," तो म्हणाला. मग खाली वाकून जेवढं बसत नव्हतं तेवढ्याभोवती चुन्याची फक्की टाकली. "एवढी जागा मशीनले दिसत नाही, साहेब. पाय ठेवला तर जमीन आहे."

पण त्यानं पुन्हा तिथं पाय ठेवला नाही.

फक्कीची आखणी लांबट होती. निमुळती. एका टोकाला गोल.

सुशील खाली बसला.

"नानाजीनं खड्डा केला. मी धरून होतो," तो म्हणाला. "कोणी तिथं पाया खोदंन, असं वाटे. त्याच्या आधी आपण घेऊन टाकू म्हटलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू दूध पिळून फेकत होती, मयुरा. तुले काय सांगू?"

मिनी केव्हा हातातून सुटली, कळलं नाही. ती फक्कीच्या आत आडवी झाली होती. डोकं गोलाच्या टोकाला, पाय लांब केलेले.

पायांखाली बरीच जागा उरली होती.

"आई," ती म्हणाली, "मी पुरत नाही."

मयुरानं तिला उचललं नाही. ओढणीचं एक टोक वरच्या रेघेवर धरलं, ओढणी ताणून खालच्या रेघेपर्यंत नेली, आणि तिथं गाठ बांधली.

प्लॉट घेतला. मोनाली रागावली, पण खरेदीखत तिनंच लिहिलं. मयुराच्या सांगण्यावरून क्षेत्र कमी करून लिहिलं. तो तुकडा ना विकणाऱ्याचा, ना घेणाऱ्याचा. तिथं पाया खोदला नाही, बांधकामही केलं नाही. सुशील रविवारी जाऊन पळसाला पाणी घालायचा.

पुढच्या उन्हाळ्यात कुंपणासाठी पुन्हा मोजणी झाली, त्या कोपऱ्यात पुन्हा फक्की पडली. तिथून मयुरा एकटीच गांधीबागला गेली, मुलांच्या कपड्यांच्या दुकानात.

"केवढा आहे पोरगा?" दुकानदारानं विचारलं.

तिनं काउंटरवर ओढणी पसरली. तिच्यावर दोन गाठी होत्या.

"सोबत आणायचं ना त्याले."

"तो कुठं येत नाही."

दुकानदारानं ओढणीवर शर्ट आणि पँट लावून पाहिली. "एक नंबर मोठंच घ्या, ताई. या वयात पोरं लय वाढते."

"हो," मयुरा म्हणाली, आणि दोन गाठींमधल्या जागेवरून हलकेच हात फिरवला. "वर्षात चार बोटं वाढला."