गवंड्याच्या डोक्यावरचे हात

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं, माझी काही हरकत नाही. माझे मामा आज आमच्याच घरी, मागच्या खोलीत राहतात. त्यांच्या तोंडून मी हे तीनदा ऐकलंय. पाळकाने असं काही बाहेर बोलायचं नसतं. ते बोलले, यावरूनच काय ते समजा.

मामा चाळीस वर्षं एका लूथरन चर्चचे पाळक होते.

पुष्कळ चर्चमध्ये रविवारी सगळी मंडळी एकदमच पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, म्हणते आणि मोकळी होते. मामा जुन्या वळणाचे. रविवारी ज्याला प्रभुभोजन, म्हणजे वेदीपुढची भाकर आणि प्याला, घ्यायचं असेल, त्याने शनिवारी चार वाजता एकट्याने यायचं. वेदीमागच्या खोलीत गुडघे टेकायचे आणि काय केलं ते सांगायचं. मग मामा त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून देवाच्या नावाने क्षमा जाहीर करायचे. दंड नाही, उपास नाही, काही नाही. क्षमा कमवायची नसते, ती फुकट मिळते, हा लूथरन लोकांचा मूळ विश्वास. त्यावर मामा कुणाशीही भांडायला तयार असत.

"गावभर क्षमा वाटता, आणि एका डब्याचं झाकण उघडवत नाही तुम्हाला," मामी चिडवायची. खरंच होतं ते. संधिवाताने मामांची बोटं वाकडी झाली होती. शर्टाची बटणंसुद्धा मामीच लावून द्यायची.

एका शनिवारी गावातला गवंडी आला.

चारच दिवसांपूर्वी त्याच्या बायकोला पुरलं होतं. जिन्यावरून पडली, डोकं फुटलं, असं सगळ्यांना माहीत होतं. चर्चच्या गायनात ती दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ उभी राहायची.

गवंड्याने चामड्याच्या उशीवर गुडघे टेकले. मग म्हणाला, "ती पडली नाही, पाळकसाहेब."

मामा पुढे वाकले.

"हातोडी होती हातात. एकदा मारली. ओरडली म्हणून परत मारली. मग... किती वेळा ते आठवत नाही."

तो रडत होता. नाक गळत होतं. मामांना त्याची किळस आली आणि दयाही आली. पोलिसांकडे जा, असं त्याला म्हणता आलं असतं. तोवर क्षमा रोखून धरता आली असती. पाळकाला तोही अधिकार असतो. पण मामांना वाटलं, मी अट घातली तर ती फुकट कशी राहील?

त्यांनी हात ठेवले. क्षमा झाली, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गवंडी सगळ्यांबरोबर वेदीपुढे आला, भाकर आणि प्याला घेऊन गेला.

गायन सुरू झालं. दुसऱ्या रांगेतून एक आवाज जास्त येत होता...

मामांनी वर पाहिलं. खिडकीजवळची जागा रिकामी होती.

पुढच्या शनिवारी कुणीच आलं नाही. साडेचार झाले. मामा खुर्चीतून उठणार, एवढ्यात...

उशीतून हवा निघाल्याचा आवाज आला.

दार वाजलं नव्हतं. ते दार उघडलं की हमखास करकरतं.

उशीवर दोन खळगे पडले होते. गुडघ्यांएवढे.

मामा म्हणतात, भीती नंतर आली. चाळीस वर्षांची सवय आधी आली. समोर कुणी गुडघे टेकले की हात पुढे जायचे, तसेच ते गेले...

आणि हवेतच कशाला तरी लागले.

केस होते. ओले.

डावा हात नीट टेकला. उजव्या हाताखाली कवटी नव्हती. बोटं सरळ आत गेली.

मामांनी हात ओढले. सुटेनात. त्यांच्या मनगटांवर कुणाची तरी थंडगार बोटं आवळली होती. मामा ओरडले. जितके ओरडले, तितके हात आणखी खाली दाबले गेले. काहीतरी मऊ, चिकट नखांत शिरत राहिलं.

मग एकदम सुटले. उशी परत फुगली.

हातांवर काहीच दिसत नव्हतं. पण घरी येऊन बेसिनमध्ये धुतले, तेव्हा पाणी लाल वाहिलं. मामीने पाहिलं. "अहो, काय लागलं?" तिने विचारलं. मामांनी नळ बंद केला. कबुलीतलं काही बाहेर बोलायची त्यांना मुभाच नव्हती.

तिसऱ्या शनिवारी बरोबर चारला गवंडी हजर. दाढी वाढलेली. डाव्या कानावर फडकं, आणि फडक्यावर ताजं रक्त.

"झोपलो की ओढते," तो म्हणाला. "क्षमा झाली म्हणालात ना? मग ती का येते?"

"पोलिसांकडे चल," मामा म्हणाले. "मी येतो बरोबर. आत्ताच चल."

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"



गवंड्याने मामांची कॉलर धरली आणि त्यांना कपाटावर आपटलं. एकदा. दोनदा. आतले प्याले खणखणले. मामांचा दात ओठात घुसला.

"फुकट आहे म्हणालात! ठेवा हात! परत म्हणा!"

तो धाडकन गुडघ्यांवर बसला आणि मामांचे दोन्ही हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवले. मामा क्षमेचे शब्द म्हणू लागले.

पहिल्याच शब्दाला... त्यांच्या हातांवर आणखी दोन हात आले.

दिसले नाहीत. नुसतं वजन जाणवलं.

"पाळकसाहेब, हळू," गवंडी म्हणाला.

वजन वाढलं.

"सोडा! अहो, सोडा!"

तो मामांची मनगटं ओरबाडत होता, लाथा झाडत होता. खुर्ची उलटली. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, मग कानांतून. मामांचं तोंड मात्र थांबेना. क्षमेचे शब्द आपोआप चालूच होते. आमेन म्हणायच्या आधी कवटी फुटली. सुकं लाकूड तडकावं तसा आवाज झाला. शेजारच्या घरात मामीने तो ऐकला.

पोलीस आले. मामांनी हात पुढे केले. "मी मारलं," म्हणाले. इन्स्पेक्टरने ती वाकडी बोटं पाहिली आणि पाण्याचा ग्लास दिला. तो मामांच्या हातात राहीना. शेवटी कागदावर लिहिलं, पायरीवर पडून मृत्यू. त्या खोलीला एकच पायरी आहे. चार बोटं उंच.

मामांनी पाळकपण सोडलं. मामी गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं.

"मला त्याचा राग आला होता रे," ते एकदा मला म्हणाले. "मी हात सोडवत होतो की दाबत होतो, हे मलाच सांगता येत नाही."

आता त्यांना स्वतःलाच क्षमा हवी होती. मिळाल्याशिवाय मरायचं नव्हतं. म्हणून गेल्या महिन्यात मी त्यांच्या गुरूंना बोलावलं. नव्वदीचे निवृत्त पाळक, पण आवाज अजून खणखणीत. भर दुपारी आले. मामांना धड गुडघे टेकवत नाहीत, म्हणून मी मागून खांदे धरून उभा होतो.

मामांनी सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. मग डोळे मिटून मान खाली घातली. ती मान बघून मला भडभडून आलं.

म्हाताऱ्यांनी हात उचलले...

आणि ते हवेतच थांबले.

त्यांचं मामांकडे लक्षच नव्हतं. ते माझ्या शेजारी बघत होते. तिथे कुणी नव्हतं.

हात हळूहळू खाली आले. मामांच्या डोक्याला न लागताच.

"आधी तिला विचार," म्हातारे म्हणाले. आणि काठी न घेताच निघून गेले.

तेव्हापासून मामा रोज विचारतात. मागच्या खोलीतून ऐकू येतं. विचारून झालं की ते कान देऊन बसतात. मीही हातातलं काम थांबवतो.

अजून उत्तर आलेलं नाही. येऊ नये, असंच मला वाटतं.