हाडांतलं तळं

अस्थिसाक्ष यंत्राच्या पडद्यावरची रेघ शून्यावरून वर सरकली, तेव्हा डॉ. चारुता बोडस प्रयोगशाळेत एकटीच होती. त्यात नवल ते काय? ध्रुववृत्तापलीकडच्या त्या गावात आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

गावाखाली युरेनियम होतं आणि गावाला खाण नको होती. खटल्यात म्हातारी अवियाया न्यायाधीशांना म्हणाली होती, "आमची हाडं या तळ्याच्या पाण्याची आहेत." कंपनीच्या वकिलांनी तिला शब्दात पकडलं. हाडंच तपासू या, म्हणाले. निकाल तसाच लागला. ज्याच्या हाडांत हे तळं सापडेल, त्याच्या संमतीशिवाय खाण नाही. जमातीचं नाव मात्र वकिलांनी मोठ्या हुशारीने निकालात येऊ दिलं नाही. नाव आलं असतं, तर जमातीचा हक्कही मान्य करावा लागला असता.

तपासणीला कंपनीने चारुताला आणलं. हाडंच का, दात का नकोत, असं तिने मुख्य भूशास्त्रज्ञ हेन्रिकला तेव्हाच विचारलं होतं.

"दात लहानपणी घडतात ते कायमचे," तो म्हणाला. "हाड मात्र झिजतं आणि नवं बनत राहतं. प्रत्येक तळ्यातल्या युरेनियमची घडण वेगळी, ती पाण्यातून हाडांत उतरते. माणसाने पाणी बदललं, की दहाएक वर्षांत हाडांतली खूणही बदलते."

आणि कंपनीला घाई नव्हती. शाळा बंद पडली, जहाज येईनासं झालं, माणसं शहराकडे गेली. तिथलं नळाचं पाणी पिऊन त्यांच्या हाडांतलं तळं पुसलं गेलं. उरली एकटी अवियाया.

तिने खरं तर चारुताचं तोंडही बघायला नको होतं. पण बाईने तिला घरात घेतलं, तिच्या हातातली पाण्याची बाटली काढून ठेवली आणि तळ्याचा बर्फ वितळवून चहा केला. तेव्हापासून चारुताही तेच पाणी पिऊ लागली. कितीतरी हिवाळे दोघी शेजारी शेजारी गप्प बसून राहिल्या. गेल्या आठवड्यात अवियाया गेली. चारुता पोटभर रडली, आणि डोळे पूस म्हणायलाही कुणी नव्हतं.

आता फक्त कुणी उरलं नाही एवढं सिद्ध करायचं होतं. यंत्र जुळवायला परक्या माणसाचं, शून्य दाखवणारं हाड लागतं, म्हणून तिने स्वतःचा हात आत धरला होता, आणि रेघ वर गेली होती.

कंपनीच्या कार्यालयात बसून हेन्रिकने व्हिडिओ कॉलवर आकडा पाहिला. मग अगदी मायेने म्हणाला, "घरी जा, चारुता. चिपळूणला आई वाट बघतेय ना? आम्ही थांबू."

ते थांबतील, हे तिला ठाऊक होतं. आईकडे मात्र थांबायला तेवढी वर्षं उरली नव्हती, हेही ठाऊक होतं. तिने शहरात अवियायाच्या मुलीला, निवीला, फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मी परत आले, तर माझी हाडं हे तळं कधी धरतील?" निवीने विचारलं.

"बरीच वर्षं लागतील."

"आणि तोवर?"

चारुताने खिडकीतून पाहिलं. एकाही घरातून धूर निघत नव्हता.

"तोवर मी आहे," ती म्हणाली. मग पातेलं आणि कुऱ्हाड घेऊन ती बर्फ आणायला तळ्याकडे निघाली.