मुंगळ्यांनी सोडलेली जागा

हेमांगी समुद्रकाठच्या नवापूरच्या सुरूच्या बनात किडे मोजायला आली, तेव्हा गावाने तिला 'किड्यांची बाई' असं नाव ठेवून विषय संपवून टाकला. तिची तक्रार नव्हती. काम होतंच तसं. मागे एका वादळात सगळं बन आडवं झालं होतं. आता नवी झाडं डोक्यावर गेली होती, आणि त्या कोवळ्या बनात जमिनीवरचे कोणते किडे परत आले, कोणते नाहीत, हे तिला पाहायचं होतं. सुरू दिसायला पाइनसारखा, पण पाइन नव्हे. किड्यांना मात्र असल्या वादाशी देणंघेणं नसतं. वाळलेल्या सुयांचा थर साचला की ते येतात. ती प्लास्टिकचे पेले वाळूत काठापर्यंत पुरून ठेवी. भुंगेरे, मुंगळे त्यात पडत आणि ती सकाळी ते उपसून बघे. दिवसभर बोलायला माणूस नसे. डोंबिवलीला फोन लावला की आई 'जेवलीस का' विचारी, आणि मग दोघींनाही पुढचं काही सुचत नसे.

राहायला ती आनंदीकाकूंकडे होती. मागे चिकूची वाडी, पुढे ओटी, आणि एवढ्या घरात काकू एकट्या. त्यांचे यजमान नरहरीकाका त्याच वादळाच्या सकाळी बनाकडे गेले ते परत आलेच नाहीत. सापडलेही नाहीत. मंगळसूत्र ठेवायचं की काढायचं, हे काकूंना कुणी सांगितलं नाही. हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं की नाही, हे गावाला ठरवता येईना, म्हणून कुणी बोलवतच नसे.

"ते गेले तवा मी पायरीवरच होते गो," काकू एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आभाळ भरून आलेलं. जाऊ नका, असं अगदी ओठावर आलेलं. पन जानाऱ्याला पाठून हाक मारायची नाय ना. गप ऱ्हायले." मग निवडलेली भाजी बाजूला सारून म्हणाल्या, "कुठं हायेत तेवढं कळलं तरी पुरे."

बनाच्या मध्यावरचे पेले रोज रिकामे निघू लागले. आजूबाजूचे भरलेले आणि हे कोरडे ठणठणीत. हेमांगीने वाळूतलं मीठ तपासलं, पेले बदलले, शेवटी गुळाचा खडाही ठेवून पाहिला. काही नाही. मग एका सकाळी ती तिथेच फतकल मारून बसली आणि मुंगळ्यांची रांग बघत राहिली. रांग सरळ आली, एका जागी थबकली, वळली आणि लांबून वळसा घालून पलीकडे गेली. दुसऱ्या बाजूने आलेली रांगही तशीच वळली. जिथे जिथे मुंगळे वळत, तिथे तिथे ती काडी रोवत गेली. ऊन वर आलं तेव्हा ती उठून उभी राहिली.

काड्यांच्या कुंपणात कुशीवर निजलेल्या माणसाचा आकार उमटला होता. गुडघे पोटाशी घेतलेले, पाठ समुद्राकडे.

तिने तिथे हातांनी कोपरभर खणलं. वाळू होती, नुसती वाळू. हाड नाही, कापड नाही, सुरूचं साधं मूळसुद्धा नाही. तिला भीती वाटली, आणि भीती वाटल्याचा रागही आला.

काकूंना सांगू नये हे तिला कळत होतं. पण दुपारच्या चहाला काकू समोर बसल्या आणि आज कुठवर गेलीस म्हणून विचारू लागल्या. असं विचारणारं तिला दुसरं कोण होतं? तिने सगळं सांगितलं.

ऊन कलायच्या आत काकू चांगलं पातळ नेसून बनात हजर. काड्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, आणि मग वळून पाठीच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"आता पाठून हाक मारली तर काय व्हनार हाय?" त्या म्हणाल्या. आणि मोठ्याने, सगळ्या बनाला ऐकू जाईल अशी हाक घातली, "अवो! घरी चला!"

सुरूंची सळसळ थांबली. वारा पडला असेल, असं हेमांगीने स्वतःला सांगितलं.

परतताना काकू पुढे होत्या. त्यांच्या मागे हेमांगी. तिच्याही मागे सुक्या काड्या मोडत होत्या, अगदी सावकाश. गावातलं कुत्रं असेल, असं ती मनाशी घोकत राहिली. वळून मात्र तिने पाहिलं नाही.

सकाळी मधले पेले काठोकाठ भरले होते. मुंगळे काड्यांच्या मधून खुशाल सरळ चालले होते.

ती तशीच घराकडे धावली.

ओटीवर काकूंनी चटई अंथरली होती. उशाला उशी, शेजारी चहाचा कप. काकू भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा निवांत दिसत होता.

वाडीतून मुंगळे ओटीवर चढले होते. रांग चटईपाशी येऊन वळत होती. हेमांगी तिच्या कडेकडेने नजर नेत राहिली. आता गुडघे पोटाशी नव्हते. आकार अंग ताणून सरळ निजला होता. चटई संपली, रांग सरळच चालली. उंबरा ओलांडला. माजघरात अर्ध्यावर गेल्यावर कुठे ती वळली.

"काकू," ती रांगेवरची नजर न काढता म्हणाली. "काका... उंच होते का?"

"नाय गो." काकूंनी चटईकडे पाहिलं. "माझ्या कानाला लागायचे."

"मग हे..."

"कालच कळलं मला. वाटेत मागचं पाऊल लय लांब पडत होतं." काकूंनी चहाचा कप उशीच्या आणखी जवळ सरकवला. "ऱ्हाऊ दे. घरात कोन तरी हाय."

हेमांगीला त्यांचा हात धरून ओढावंसं वाटलं. ती पुढे वाकली आणि वाकल्या वाकल्या थांबली.

मुंगळ्यांची दुसरी एक रांग भिंतीच्या कडेने आली आणि हेमांगीच्या पावलावरून खुशाल सरळ चढून पुढे गेली. पुढचा मुंगळा काकूंच्या पावलाजवळ आला. थबकला. मिशा हलवल्या. मग काकूंच्या पायांपासून वीतभर जागा सोडून तो वळला, आणि त्याच्या मागून बाकीचे.