हिरवा दोरा

देवाच्या राईतलं पान तोडायचं नाही, हे कोडगूत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पूवय्यानंही तोडलं नव्हतं. स्वर्गीय नर्तक पक्ष्याच्या घरट्याच्या आड येणाऱ्या फांद्या त्यानं हिरव्या दोऱ्यानं बाजूला ओढून बांधल्या, इतकंच. पिल्लं लख्ख उजेडात आली. त्या फोटोला बेंगळुरात पहिलं बक्षीस मिळालं.

"फांद्या सोडल्यास ना परत?" राईची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या कुशालप्पांनी विचारलं होतं.

"तोडल्या तर नाहीत ना, मामा?"

शिक्रा या शिकारी पक्ष्यानं त्याच दुपारी पिल्लं उचलली होती आणि पूवय्यानं तेही टिपलं होतं. एकदा डोळा कॅमेऱ्याला लागला की माणूस भलताच निगरगट्ट होतो.

बक्षीस घेऊन तो घरी आला, तर तान्ह्या मुलीच्या पाळण्यावरची मच्छरदाणी कुणीतरी बाजूला बांधलेली. हिरव्या दोऱ्यानं.

"पोरीला डास फोडून खातायत आणि तुम्ही जाळी बांधून ठेवता?" त्याची बायको देचम्मा म्हणाली.

"मी कशाला बांधू?"

"मग मी? तुमची ही सरकगाठ मला येते तरी का? पाखरांची पिल्लं संपली, आता पोटच्या पोरीचे फोटो काढा."

त्यानं दोरा सोडला. दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा बांधलेला होता. मग खिडकीबाहेरच्या पेरूच्या फांद्या. मग मळ्यातली कॉफीची झुडपं, ओळीनं, दोन्हीकडे सारलेली. पूवय्यानं दोऱ्याचं रीळ चुलीत घातलं. तरी रोज नवी गाठ दिसायचीच. पाळण्यापाशी वाकून त्यानं बाहेर पाहिलं. नजर थेट राईपर्यंत जात होती. मध्ये एक पानसुद्धा आड नव्हतं.

तो धावत राईत गेला. घरट्याजवळच्या साऱ्या गाठी सोडल्या. फांद्या होत्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

"आता कुणासाठी सोडतोस?" मागून कुशालप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

घरी येऊन त्यानं पाळणा आतल्या खोलीत नेला. जेवून परत येईतो खोलीचं दार सताड उघडं बांधलेलं.

"मी पोरीला घेऊन माहेरी चालले," देचम्मा म्हणाली. "जीप बघून येते. तोवर तिच्यावरून नजर हलवू नका. तेवढं तरी जमेल ना?"

तो पाळण्याशेजारी खाली बसला. नजरेवर त्याचा भरवसा उरला नव्हता, म्हणून त्यानं मुलीच्या अंगावर आपला उजवा हात आडवा धरला.

दुपार शांत होती. डोळा लागला असावा.

जाग आली तेव्हा मुलगी रडत नव्हती. टक लावून दाराबाहेर पाहत होती. तिच्या उघड्या अंगावर ऊन पडलं होतं.

त्यानं हात पुढे केला.

हात पुढे जाईना. मनगट बाजूला ओढून खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं, अगदी हलकं, पान फाटू नये इतक्या बेतानं.