साहेबाने कट म्हटलं नव्हतं

आमच्या फिल्म कॉलेजच्या एडिटिंग रूममधला एसी बंद होत नाही. बटण तुटलंय, रिमोट हरवलाय आणि तक्रारी करून करून सगळे दमलेत, त्यामुळे बाहेर कडक ऊन असलं तरी आत आम्ही कानटोप्या घालून बसतो. चार मशीन, त्यातलं एक मेलेलं. मी खिडकीजवळचं धरते, कारण तिथल्या खुर्चीची चाकं शाबूत आहेत.

फिल्म करायला आमचा चौघांचा ग्रुप पडला होता. दिग्दर्शनाला साहेब. हे नाव आम्हीच ठेवलं, चिडवायला म्हणून. त्याला ते आवडलं आणि तो तसाच वागायला लागला. कॅमेऱ्यावर उंट, कारण मान लांब. आवाजाला चिमणी, जिचा स्वतःचा आवाज कधी ऐकू येत नाही. एडिटिंगला मी. एडिटरने शूटिंगला जायचं नाही, हा आमच्या सरांचा नियम. कोण किती राबलं हे डोळ्यांनी पाहिलं, की मग वाईट शॉटसुद्धा कापवत नाही, असं ते म्हणतात. नियम चांगलाच आहे. पण त्याच्यापायी मी त्या दिवशी मावशीच्या घरी नव्हते, आणि त्याबद्दल मी सरांना अजून माफ केलेलं नाही.

फिल्म कपडे शिवणाऱ्या बाईच्या हातांवर आहे, असं साहेबाने मला सांगितलं होतं. म्हणून मी मावशीचं नाव सुचवलं. तिचा जन्म शिलाई मशीनवर गेलाय. एखादं काम सांगितलं की जसंच्या तसं करणारी बाई. पहिल्या दिवशीच उंट म्हणाला, "तुझी मावशी भारी आहे. कपाचा कान आधीच्या शॉटमध्ये कुठे होता ते आम्हाला आठवत नाही, त्यांना आठवतं."

शेवटच्या दिवसाचं फुटेज मी मशीनवर टाकलं, तेव्हा त्यात हात नव्हतेच. मावशी स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, राखाडी स्वेटर घालून. समोर एक कप, पलीकडे रिकामी खुर्ची, खुर्चीमागे दार. तिच्या घराचं दार थेट स्वयंपाकघरातच उघडतं. साहेबाचा आवाज आला, अगदी लाडीगोडीचा. "काकू, दाराकडे बघायचं. मी कट म्हणेपर्यंत हलायचं नाही. ॲक्शन."

मावशी बघत राहिली. मग दारावर टकटक झाली. दोनदा हळू, मग एक थाप.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती गुंड्याची टकटक होती. गुंड्या म्हणजे मावशीचा मुलगा. कॉलेजात असताना एका सकाळी सायकल काढून बाहेर पडला तो आलाच नाही. सायकलही मिळाली नाही. मावशी त्याचं नाव काढत नाही. कोणी काढलं तर मशीन जोरात चालवते. कँटीनमध्ये एकदा साहेबाने फार कळवळून विचारलं होतं, तेव्हा मी हे सगळं सांगितलं होतं. लहानपणी मशीनच्या सुईखाली बोट गेल्यामुळे त्याचं नख मधोमध दुभंगलं होतं, इथपासून तो दार कसा वाजवायचा, इथपर्यंत. त्या हरामखोराने ते जपून ठेवलं आणि चिमणीला जिन्यात उभं करून वाजवायला लावलं.

पडद्यावर मावशीचा चेहरा उजळला. तसा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता. ती खुर्चीतून उठली नाही, कारण कट झालं नव्हतं. दार उघडलं नाही. चेहरा मात्र तसाच राहिला, मग हळूहळू विझत गेला, आणि तरी ती दाराकडे बघत राहिली. क्लिप संपली. कट ऐकू आलंच नाही.

मी उंटाला धरलं. तो मान खाली घालून म्हणाला, "साहेब खूश झाला होता गं. म्हणाला, कॅमेरा चालू राहू दे, सगळे खाली चला, त्यांना एकटं बसू दे. आम्ही खाली चहा प्यायलो. मग कार्ड भरून कॅमेरा आपोआप बंद पडला. येऊन सामान उचललं."

"आणि मावशी?"

"बसल्या होत्या. झालं काकू, म्हटलं मी. त्या हलल्या नाहीत."

त्या दुपारीच काकांचा फोन आला. मावशीचे यजमान कमी बोलणारे, फोन तर करतच नाहीत. "तू येऊन जा जरा," ते म्हणाले. "तुझे मित्र गेल्यापासून ती खुर्चीतून उठत नाहीये. डॉक्टर बघून गेले, सगळं ठीक आहे म्हणाले. भरवलं तर खाते. झोपत नाही."

गेले. ती तशीच बसली होती, तोच स्वेटर, तोच कप. टेबलाशी जाऊन तिचा हात धरला तर गार. तिने नजर दारावरून काढली नाही.

"मध्ये येतेस," ती हळूच म्हणाली. "बाजूला हो."

"कशाच्या मध्ये, मावशी?"

तिने नुसती बुबुळं वळवली, फ्रीजशेजारच्या कोपऱ्याकडे. उंटाने कॅमेरा तिथे लावला होता. आता तिथे पुसायचं फडकं वाळत होतं, बाकी भिंत.

"शूटिंग संपलं, मावशी. कॅमेरा परत गेला. हे बघ, मी म्हणते, कट."

"तू नाही गं," ती समजुतीने म्हणाली, मी लहान असताना बोलायची तशी. "ज्याने सुरू केलं त्याने म्हणायचं असतं."

काका दाराशी उभे राहून चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाला शोधत होते आणि तो सापडत नव्हता, म्हणून मशीन चालू केलं. तो टेक उघडला. मला त्याचा शेवट पाठ होता: खिडकीतला उजेड टेबलाच्या कडेला येतो आणि क्लिप संपते. ती संपली नाही. उजेड टेबलावरून खाली उतरला, भिंतीवर गेला, मावळला. काकांनी दिवा लावला. मावशीसमोर ताट ठेवलं, भरवलं. मी फाइल बंद करून पुन्हा उघडली. मूळ कार्डाची दुसरी प्रत काढली. तिच्यातही तेच. स्टोअरमध्ये जाऊन कॅमेरा बघून आले. तो कपाटात कुलुपात होता, बॅटरी काढून ठेवलेली.

परत येऊन पुढे सरकवलं. दार उघडून एक मुलगी आत आली. अंगात हिरवा टॉप, खांद्याला माझी झोळी. ती टेबलाशी गेली, मावशीचा हात धरला, मग कॅमेऱ्याकडे तोंड करून थोडी चिडून म्हणाली, "शूटिंग संपलं, मावशी."

मी मशीन बंद केलं.

साहेब शेवटी सरांच्या खोलीत सापडला. सर त्याला म्हणत होते, "शेवटचा शॉट जबरदस्त आहे. त्याला हात लावू नका." मी सगळं सांगितलं. क्लिपचं सोडून, ते कोणी ऐकून घेतलं नसतं. मावशी उठत नाही, हे सांगितलं.

साहेब हसला. "बघा सर, भूमिकेत किती शिरल्यात. स्क्रीनिंग झालं की येतो मी भेटायला, फुलं घेऊन."

"आत्ता यायचं," मी म्हणाले. "एक शब्द बोलायचा आणि चालतं व्हायचं."

"तू फार मनाला लावून घेतेस. एडिटरने भावनिक होऊ नये."

"ठीक आहे. तो शॉट माझ्याकडे आहे, दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. तू आला नाहीस तर मी उडवते. मग स्क्रीनिंगला उंटाची मान दाखव."

त्याने सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघायला लागले. तो आला. वाटेत सारखा बडबडत होता, फेस्टिव्हल, बक्षीस, करिअर. मी तोंड उघडलं असतं तर हात उचलला असता.

काकांनी दार उघडलं. मावशीला बघून साहेबाचं बोलणं बंद झालं. तिचे गाल बसले होते, ओठ सुकले होते, पण पाठ ताठ.

"काकू," तो म्हणाला.

"कॅमेऱ्यामागे थांबा," मावशी म्हणाली.

तो निमूट फ्रीजशेजारी जाऊन उभा राहिला. मी त्याच्यापाशी. काकांनी दार लावून घेतलं, कडी मात्र घातली नाही, आणि ओट्याला टेकले.

"बोल," मी म्हणाले.

त्याने घसा खाकरला.

दारावर टकटक झाली. दोनदा हळू. मग एक थाप.

काकांच्या हातातला चष्मा पडला. चिमणी तेव्हा कॉलेजात होती. मी येताना तिला तिथे पाहिलं होतं. जिन्यात येणाऱ्याची पावलं ह्या घरात ऐकू येतात. आली नव्हती.

मावशीचा चेहरा उजळला. पडद्यावर पाहिला होता त्याहून जास्त.

दाराची मूठ फिरली.

साहेबाने माझं मनगट गच्च धरलं होतं.

दार आत सरकलं. थोडंसंच.

"कट," साहेब किंचाळला. "कट, कट."

दार थांबलं. मावशीचे खांदे खाली आले. तिने आजूबाजूला बघितलं, टेबलाला धरून उठली आणि पायाला मुंग्या आल्यात म्हणाली. काका धावत गेले, दार सताड उघडलं. जिना रिकामा होता. मावशी पाणी प्यायली, भूक लागली म्हणाली, जेवली आणि आत जाऊन गाढ झोपली. साहेब कधी निघून गेला ते आम्हाला कळलंही नाही. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. सुटली एकदाची, असं मला वाटलं.

क्लिप मी दुसऱ्या दिवशी पाहिली. ती आता संपत होती. कट म्हटल्यावरही कॅमेरा क्षणभर चालूच राहतो. शिकायला आल्यावर पहिल्यांदा हेच सांगतात, त्या शेपटीत कधीकधी कामाचं काहीतरी सापडतं. मी एकेक फ्रेम पुढे नेली. दार किलकिलं. दाराच्या कडेवर बाहेरून चार बोटं. मी मोठं करून बघितलं. पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. पुढच्या फ्रेममध्ये बोटं नव्हती.

मी मावशीला सांगणार नव्हते. तिला ह्यातलं काही कळू नये, एवढंच मला हवं होतं. तरी तिला बघायला गेले. काका दाराशीच भेटले, नुसते बाजूला झाले.

मावशी इस्त्री करत होती. राखाडी स्वेटर धुऊन वाळवून समोर पसरला होता. टेबल पुसलेलं होतं. रिकामी खुर्ची जागेवर, कप जागेवर, कपाचा कान दाराकडे. फ्रीजशेजारचं फडकं तिने काढून टाकलं होतं आणि तो कोपरा मोकळा केला होता.

"तुझा तो साहेब फोन उचलत नाही," ती म्हणाली. "त्याला घेऊन ये."

"कशाला, मावशी?"

तिने इस्त्री उभी ठेवली, स्वेटर अंगात घातला आणि खुर्चीत बसून पाठ ताठ केली.

"पुन्हा सुरू कर म्हणावं," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी कट म्हणू नकोस म्हणावं."